वाटेला कळू नये

गुजरीत पहाटे झारेकरी येतात.
सोनारांच्या उंबऱ्यापुढचा गाळ पाटीत भरतात,
पाण्यात हळूहळू हेलकावतात.
कानशीतून उडालेलं, केरसुणीनं बाहेर लोटलेलं,
कुणाच्याच वहीत नसलेलं सोनं
तळाशी राहतं.

मला हे आठवलं शाहूपुरीत,
पतसंस्थेच्या हेड ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली ठेवलेल्या खोलीत,
तारेवरून जाणारं सगळं पडद्यावर उघडून बसले होते तेव्हा.

तेवीस शाखा.
रोज सकाळी दार वाजवतात, मी अमुक, मला आत घ्या,
आणि ती हाक पोस्टकार्डावर येते.
पासवर्ड तेवढा खोडलेला.
बाकी नाव, गाव, वेळ, कुठल्या मशीनवर बसलाय,
वाटेतल्या कुणीही वाचावं.
आणि खोडलेलं तरी काय,
ज्या शब्दानं खोडायचं तो मुजावर साहेबांनी
वीस वर्षांपूर्वी ठेवला, तेवीस शाखांना एकच:
त्यांच्या म्हशीचं नाव, पुढे एक दोन तीन.
म्हैस गेली. साहेब रिटायर झाले.
शब्द दूध देत राहिला.

महिनाभर मी वाचत होते.
खोटं कशाला बोलू, गोडी लागली होती.
हुपरीच्या तारदाळकर बाई सात चाळीसला येतात,
शटर अर्धं वर असताना.
राधानगरीचे बळवंत मगदूम पासवर्ड तीनदा चुकतात,
गेल्या दिवाळीपासून.
हात कापत असणार त्यांचा. घरी ठाऊक असेल, नसेल,
मला ठाऊक होतं.
मीच झारेकरीण झाले होते.

घाटगे साहेब म्हणाले, "काय चोरीला गेलंय का?"
"नाही."
"मग?"
मग काय सांगणार.
गटारातून गेलेलं सोनं
सोनाराला कधी दिसलंय?

शनिवारी रात्री काम काढलं.
जुनं दार, पोर्ट अठराशे बारा, बंद.
नवं दार दोन हजार त्र्याऐंशी.
दोन्ही आकडे सनासारखे; एका साली मी नव्हते,
दुसऱ्या साली नसेन.
आता आधी वाट झाकायची, हाक नंतर.
दोघांनी एकमेकांचं सर्टिफिकेट बघायचं,
सही कुणाची, मुदत कुठली,
मगच तोंड उघडायचं.

बावीस शाखा बोलल्या.
गगनबावडा नाही.
सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही, म्हणे.

अडीच वाजता कृष्णातला उठवलं.
"घड्याळात किती वाजलेत?"
"भिंतीवरच्या का मशीनच्या?"
"मशीनच्या."
टॉर्च शोधल्याचा आवाज. कुत्रं भुंकलं.
"एक जानेवारी दावतंय मॅडम. साल दोन हजार.
मी तवा तिसरीत होतो."

डब्यातला सेल मेलेला.
लाईट गेली की तो डबा दर वेळी तिथंच जाऊन बसायचा,
आणि आमचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी
जन्मालाच आलं नव्हतं.
कृष्णातनं सोनेतारणाच्या छोट्या काट्यातला
गोल सेल काढून तिथं घातला.
"उद्या काटा बंद राहील, चालंल न्हवं?"
चालंल म्हटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी गगनबावडा बोलला.
काय बोलला ते दिसलं नाही.
पडद्यावर नुसता भुसा,
वरपासून खालपर्यंत.

सोमवारी मगदूमांना शोधलं, सवयीनं.
आत सर्व्हरला कळलं असेल, त्याचं ते कामच.
तारेवर कुणीच नव्हतं.
हात अजून कापतो का थांबला,
मला कळायचं कारण उरलं नाही.
जरा रिकामं वाटलं. तेही लिहून ठेवते.

गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे नावाचं गाव आहे.
आमची तार त्याच्या कडेनं जाते,
चहाच्या टपरीमागून, उसाच्या बांधावरून.
रोज तेवीस शाखांतली एक हाक
कळ्यावरून पुढे निघते
आणि कळ्याला
कळत नाही.